घरातला गुन्हेगार, घरातली साक्ष

लीअ‍ॅन हाउ यांची 'शेल शेकर' ही कादंबरी २००१ साली आली. हाउ स्वतः ओक्लाहोमातल्या चॉक्टॉ नेशनच्या नागरिक; चॉक्टॉ ही अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक जमात, आणि नेशन म्हणजे तिचं स्वतःचं सरकार असलेलं राष्ट्र. कादंबरीत दोन पुढारी मारले जातात आणि दोघेही चॉक्टॉच आहेत. एक अठराव्या शतकातला, दुसरा १९९१ सालचा. दोन्ही प्रकरणं एकाच घराण्यातल्या बायकांभोवती फिरतात. अशा पुस्तकावर बोलणं निघालं की वाचकांचे दोन तट पडतात. एक तट म्हणतो, ज्यांचं सगळं लुबाडलं गेलं त्यांच्यातल्याच लेखिकेनं आपल्या पुढाऱ्यांना चोर, बलात्कारी, फितूर म्हणून रंगवायचं कशाला? घरची लक्तरं वेशीवर टांगून कुणाचं भलं झालंय? दुसरा तट हेच पुस्तक उलटं धरतो. पाहा, त्यांच्यातही लाचखोरी होती, भाऊबंदकी होती, खून होते; मग सगळं खापर गोऱ्यांच्याच माथी का? दोन्ही तट एकमेकांशी कडाडून भांडतात, पण दोघांच्या मनात गृहीतक एकच असतं: अन्याय झाला असं म्हणायचं असेल तर माणूस धुतल्या तांदळासारखा हवा. वाद इथेच बिघडतो.

माझी बाजू आधीच सांगून टाकतो. लुटल्या गेलेल्या समाजातल्या लेखिकेनं आपल्या गुन्हेगारांना नावागावासकट उभं करणं यात समाजाची बदनामी नाही. तो त्या समाजाचा हक्क आहे, आणि जमिनीवरच्या हक्काइतकाच मोलाचा आहे. ज्यांना स्वतःच्या माणसाला दोषी ठरवता येतं ते स्वतःचं राज्य चालवू शकतात. ज्यांना येत नाही त्यांच्या वतीनं ते काम दुसरे करतात, आणि त्याची किंमतही तेच ठरवतात.

कादंबरीतला जुना धागा १७३८ मध्ये, आजच्या मिसिसिपी राज्याच्या भूमीवर सुरू होतो. रेड शूज हा चॉक्टॉंचा लढवय्या पुढारी. त्याच्या चिकासॉ जमातीतल्या बायकोचा खून होतो आणि आळ येतो त्याच्या चॉक्टॉ बायकोवर, अनोलेटावर. जुन्या चॉक्टॉ न्यायात जिवाला जीव द्यावा लागे, पण तो गुन्हेगाराचाच असला पाहिजे असं नव्हतं. घरातलं दुसरं कुणी पुढे होऊ शके. अनोलेटाची आई शकबतिना पुढे होते आणि लेकीच्या जागी मरते. मेल्यावरही तिचं बोलणं थांबत नाही. १९९१ मध्ये ओक्लाहोमातल्या ड्युरँट गावी, चॉक्टॉ नेशनच्या मुख्यालयात, प्रमुख रेडफर्ड मॅकअ‍ॅलेस्टर गोळी लागून मेलेला सापडतो. जुगारखान्याच्या पैशात माफियाचा हात शिरू देणारा, सहप्रमुख ऑडा बिलीवर बलात्कार करणारा हा माणूस. संशय ऑडावर येतो आणि तिची आई सुझन कबुली देते, खून मी केला. अडीचशे वर्षांच्या अंतरानं आई पुन्हा लेकीच्या आड उभी राहते. पूर्वजांचे आत्मे येतात म्हणून काही समीक्षक याला जादुई वास्तववादाच्या खणात टाकून मोकळे होतात. त्यावर फार वेळ घालवायची गरज नाही. आईच्या कुळावरून माणसाची ओळख ठरते आणि बापापेक्षा मामाचा शब्द वजनदार असतो अशा समाजात मेलेली आजी घरच्या न्यायनिवाड्यात बोलायला आली, तर ती कुळाची सभासद म्हणून येते.

रेड शूज हा लेखिकेच्या कल्पनेतून आलेला माणूस नाही. शुलुश होमा या नावानं तो इतिहासात आहे. फ्रेंच आणि इंग्रज या दोन सत्तांच्या मधे उभं राहून दोघांकडून बंदुका, कापड आणि मान मिळवायचा, हे त्याचं राजकारण. आजही मोठ्या सत्तांमध्ये अडकलेले छोटे देश हेच करतात, आणि ते शहाणपणाचंही असू शकतं. पण शेवटी तो इंग्रजांकडे झुकला, फ्रेंचांनी त्याच्या डोक्यावर बक्षीस लावलं आणि १७४७ मध्ये इंग्रजी मालाच्या तांड्यासोबत येत असताना त्याच्याच माणसांपैकी एकानं त्याला मारलं. त्यानंतर पश्चिमेकडची इंग्रजधार्जिणी गावं आणि पूर्वेकडची फ्रेंचांची गावं यांच्यात जे युद्ध पेटलं ते १७५० पर्यंत चाललं. चॉक्टॉंनी चॉक्टॉंना मारलं. पहिल्या तटानं सांगावं, हे लपवायचं तर कुणापासून? फ्रेंच दफ्तरांत याची पानंच्या पानं भरलेली आहेत. परक्याच्या कागदात ते होतंच. नव्हतं ते चॉक्टॉ घरातल्या बाईच्या तोंडून आलेलं सांगणं. फ्रेंच अधिकाऱ्याला रेड शूज म्हणजे हिशेबातली एक रक्कम. शकबतिनाला तो लेकीचा नवरा आणि गावाचा घात करणारा माणूस आहे.

जुन्या चॉक्टॉ रिवाजात मेलेल्या माणसाला लगेच पुरत नसत. प्रेत लाकडी माचणावर ठेवत, त्यावर कातडी किंवा झाडाची साल पांघरत, आणि घराजवळच ते महिनोन्‌महिने राहू देत. मांस कुजून सैल झालं की ठरलेली माणसं येत. त्यांची नखं या कामासाठीच वाढवलेली असत. ते हातानं मांस वेगळं करत, हाडं स्वच्छ करत आणि पेटीत भरून अस्थिघरात ठेवत. नंतर गावकरी जेवायला बसत. कादंबरीत शकबतिनाचा नवरा स्वतः हे काम करणारा आहे आणि स्वतःच्या बायकोची हाडं त्यालाच काढावी लागतात. युरोपीय प्रवाशांनी हा विधी पाहून 'रानटी' असा शिक्का मारला. वाचताना मलाही तो प्रसंग जड गेला, आणि तो जड जावा म्हणूनच तो तिथे आहे. सडलेलं काय आणि टिकवायचं काय हे हातानं वेगळं करणारी माणसं ज्या समाजानं नेमून ठेवली होती, त्या समाजाला सांगायचं की तुमच्या इतिहासातल्या सडलेल्या भागाला हात लावू नका? चॉक्टॉंच्या मूळकथेत स्थलांतर करणारे लोक पूर्वजांची हाडं पाठीवर घेऊन चालतात आणि नानिह वाया या टेकाडापाशी येऊन थांबतात. कादंबरीच्या शेवटाकडे मॅकअ‍ॅलेस्टरचं प्रेतही त्याच्या लोकांनीच मिसिसिपीला नेऊन पुरलेलं आहे. त्याला वाळीत टाकत नाहीत आणि हुतात्माही करत नाहीत. गुन्हा केलेला असला तरी तो आपला माणूस, त्याची विल्हेवाट आपणच लावायची, ही भूमिका मला कुठल्याही गौरवगाथेपेक्षा जास्त स्वाभिमानी वाटते.

पहिल्या तटाचा सगळ्यात भक्कम मुद्दा आता घेतो, कारण तो खरोखर भक्कम आहे. 'तुमचे पुढारी भ्रष्ट आहेत' हे वाक्य चॉक्टॉंविरुद्ध एकदा शस्त्र म्हणून वापरलं गेलंय, आणि त्या शस्त्रानं त्यांचं सरकारच कापलं गेलं. १८९३ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं डॉज आयोग नेमला. चॉक्टॉ, चिकासॉ, चेरोकी, क्रीक आणि सेमिनोल यांची जमीन समाईक मालकीची होती. ती वैयक्तिक तुकड्यांत वाटून टाकायची, हे आयोगाचं काम. आयोगानं आपल्या अहवालात काय म्हटलं? इथली सरकारं भ्रष्टाचारानं पोखरलेली आहेत, मूठभर बड्या लोकांनी जमीन बळकावली आहे, गरीब इंडियनाला कुणी वाली नाही. यातलं काही अगदीच खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते शस्त्र धारदार होतं. १८९८ च्या कर्टिस कायद्यानं आदिवासी न्यायालयं मोडीत काढली, १९०७ मध्ये ओक्लाहोमा राज्य झालं. पुढे कित्येक दशकं चॉक्टॉंचा प्रमुख अमेरिकेचा अध्यक्ष नेमत असे. तो स्वतः निवडण्याचा हक्क १९७० च्या कायद्यानं परत मिळाला. हे ज्यांच्या आजोबांनी सोसलं त्यांनी 'आपल्या प्रमुखाला चोर म्हणणारी कादंबरी नको' असं म्हटलं, तर ती भीती भित्रेपणाची मुळीच नव्हे. अनुभवानं शिकवलेली सावधगिरी आहे ती, आणि बाहेरून वाचणाऱ्या आपल्यासारख्यांनी तिला हलकं लेखू नये.

पण तोच इतिहास आणखी थोडा पुढे वाचला की वेगळं काही दिसतं. गरीब इंडियनाचा कळवळा येऊन जी जमीन वाटली गेली ती किती वर्षं त्याच्या हातात राहिली? ज्यांच्या वाट्याला तेलाची किंवा लाकडाची जमीन आली त्या अल्पवयीन मुलांवर राज्याच्या न्यायालयांनी गोरे पालक नेमले आणि त्या पालकांनी मुलांना उघड्यावर आणलं. अँजी डेबो या इतिहासकार बाईंनी ही लूट कागदपत्रांनिशी, नावांनिशी लिहून काढली. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेनं १९३० च्या दशकात ते पुस्तक छापायचं टाळलं, कारण त्यातली बडी माणसं हयात होती, राज्यात वजन राखून होती. अखेर १९४० मध्ये ते प्रिन्स्टनहून निघालं. म्हणजे गप्प बसण्याचा फायदा कुणाला झाला? चॉक्टॉंना तर झाला नाही. डॉज आयोगाला चॉक्टॉ कादंबरीची वाट पाहावी लागली नव्हती. समाज बोलो न बोलो, आरोपपत्र बाहेरून तयार होऊन आलंच होतं. कमी पडली ती आतली साक्ष. आतून कुणी म्हटलं असतं, हो, आमच्यातल्या काहींनी जमीन हडपली आहे आणि त्यांचं काय करायचं ते आमची पंचायत ठरवेल, तर काँग्रेसनं ऐकलं असतं असं मी म्हणणार नाही. जमीन हवी असणाऱ्याला कारण सापडतंच. पण ज्या मौनानं जमीन वाचली नाही, सरकार वाचलं नाही, त्या मौनाला ढाल म्हणायचं कशाच्या आधारावर?

१८३० कडे वळतो, कारण या वादातलं सर्वात बोलकं उदाहरण तिथे आहे आणि कादंबरीच्या बाहेर आहे. अँड्र्यू जॅक्सन अध्यक्ष. त्याच जॅक्सनच्या बाजूनं, पुशमताहा या चॉक्टॉ सरदाराच्या हाताखाली, चॉक्टॉ योद्धे १८१३-१४ च्या क्रीक युद्धात लढले होते. पुशमताहा १८२४ मध्ये वॉशिंग्टनमध्ये वारला. सहा वर्षांत त्याच्या लोकांना घर सोडायला सांगण्यात आलं. सप्टेंबर १८३० मध्ये डान्सिंग रॅबिट क्रीकच्या काठी करार झाला आणि मिसिसिपीतली सुमारे १ कोटी १० लाख एकर जमीन गेली. पुढे लिहून ठेवलेल्या हकिगतींत असं येतं की बोलणी चालू असताना रिंगणाच्या मध्यावर सात म्हाताऱ्या बसल्या होत्या, आणि किल्लिहोटा हा पुढारी जमीन विकण्याच्या बाजूनं बोलला तेव्हा त्यांच्यातली एक खाटकाची सुरी घेऊन त्याच्यावर धावली. करारावर सही करणाऱ्यांतला बडा माणूस ग्रीनवुड लफ्लोर. लोक ओक्लाहोमाच्या वाटेला लागले, थंडीत आणि पटकीत हजारोंनी मेले. लफ्लोर मिसिसिपीतच राहिला, प्रचंड मळा, शेकडो गुलाम आणि राज्याच्या सिनेटची जागा मिळवून. मिसिसिपीत आज त्याच्या नावाचं शहर आहे, त्याच्या नावाचा परगणा आहे. त्या सुरी उचलणाऱ्या म्हातारीचं नाव कुठे आहे? हाउ यांनी शकबतिना आणि सुझन बिलीच्या रूपानं ती रिकामी जागा भरली, असं मी ही कादंबरी वाचतो. फितुरी झाकायला गेलं की फितुराबरोबर त्याला अडवणारी बाईसुद्धा झाकली जाते. 'समाजाची बदनामी नको' म्हणणाऱ्यांनी हा हिशेब कधी मांडलेला मला दिसत नाही.

दुसऱ्या तटाला उत्तर याच प्रसंगात आहे. लफ्लोरनं सही केली म्हणून जॅक्सनचा गुन्हा अर्धा होत नाही. चोराला आतून कडी काढून देणारा घरातलाच होता, म्हणून चोरी झाली नाही असं कुठलं न्यायालय म्हणतं? इथे मोजमापही पाहा. रेड शूजमुळे तीन वर्षांचं युद्ध झालं. १८३० च्या, मूळ रहिवाशांना हद्दपार करण्याच्या कायद्यामुळे चॉक्टॉंपासून सुरुवात करून आग्नेय अमेरिकेतली एकेक जमात उखडली गेली. या दोन गोष्टी एका तराजूत घालून 'सगळेच सारखे' म्हणणं हा आळस आहे, आणि त्यामागे बऱ्याचदा स्वतःच्या पूर्वजांची सुटका करून घेण्याची घाई असते. त्याच चॉक्टॉंनी हद्दपारीनंतर पुरती वीस वर्षंही झाली नसताना, १८४७ मध्ये, आयर्लंडच्या दुष्काळासाठी १७० डॉलर गोळा करून पाठवले, हे आयरिश लोक अजून विसरलेले नाहीत. काउंटी कॉर्कमधल्या मिडल्टनला त्या दानाचं स्मारक आहे. दान देणारा समाज आणि रेड शूजचा समाज एकच. कुठलाही समाज असाच असतो, आणि लुटला जाण्यासाठी त्यानं आधी साधू व्हावं लागत नाही.

मराठी वाचकाला हा वाद परका वाटू नये. १९७० नंतर दलित आत्मकथनं येऊ लागली तेव्हा उंबऱ्याबाहेरच्यांनी नाकं मुरडली. पण वस्तीतूनही आवाज उठला होता की आमची उपासमार, आमची दारू, आमच्या घरातली मारझोड का लिहिता, लोक हसतील. ज्या बायकांनी लिहिलं त्यांनी जातीच्या छळाबरोबर नवऱ्याच्या काठीचंही लिहिलं, आणि त्यांना तर दुहेरी ऐकून घ्यावं लागलं. आज त्या पुस्तकांमुळे दलितांची बदनामी झाली असं कुणी गांभीर्यानं म्हणेल का? अब्रूची काळजी करणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. १९९७ मध्ये चॉक्टॉ नेशनच्या तत्कालीन प्रमुखाला, कार्यालयात काम करणाऱ्या स्त्रियांवरच्या लैंगिक अत्याचारासाठी फेडरल न्यायालयानं दोषी ठरवलं. त्या स्त्रियांनी साक्ष दिली. समाजाच्या भल्यासाठी गप्प राहा असं त्यांना तोंडावर सांगण्याची हिंमत पहिल्या तटातल्या कुणात आहे? आणि नसेल, तर चारच वर्षांनी ऑडा बिलीची गोष्ट लिहिणाऱ्या बाईला ते कसं सांगता येतं?

एवढं म्हटल्यावर मला माझाच निकष या कादंबरीलाही लावला पाहिजे. तिचे दोन काळ अठराव्या शतकाचा मध्य आणि १९९१. मधलं एकोणिसावं शतक बरंचसं बाहेर राहतं, आणि चॉक्टॉंचा सर्वात अवघड प्रश्न नेमका त्याच शतकात आहे. लफ्लोर एकटाच गुलामांचा मालक नव्हता. ओक्लाहोमाच्या वाटेवर काही चॉक्टॉ कुटुंबांनी आपले काळे गुलाम सोबत नेले. १८६१ मध्ये चॉक्टॉ नेशननं गुलामगिरी टिकवण्यासाठी लढणाऱ्या कॉन्फेडरसीशी करार केला. १८६६ च्या करारानं गुलाम मुक्त झाले, पण त्यांना नागरिक म्हणून स्वीकारायला १८८३ उजाडलं. डॉज आयोगानं याद्या केल्या तेव्हा त्यांची यादी वेगळी ठेवली. 'रक्ताच्या' चॉक्टॉला सरासरी प्रतीची ३२० एकर जमीन, मुक्त गुलामाला ४० एकर. बाप चॉक्टॉ आणि आई काळी असलेली कितीतरी माणसं या दुसऱ्या यादीत ढकलली गेली. मग १९८३ च्या राज्यघटनेनं नागरिकत्व 'रक्ताच्या' यादीतल्या वंशजांपुरतं ठेवलं आणि त्यांचे नातू-पणतू बाहेर पडले. जी यादी चॉक्टॉंचं सरकार मोडायला आलेल्या आयोगानं बनवली, तिच्याच आधारावर चॉक्टॉंनी आपलं कोण हे ठरवावं, यापेक्षा मोठा पराभव मला दिसत नाही. २०२१ मध्ये चेरोकी नेशनच्या सर्वोच्च न्यायालयानं आपल्या घटनेतली 'रक्ताची' अट काढून टाकली. त्याच वर्षी चॉक्टॉ प्रमुखांनी खुलं पत्र लिहून या प्रश्नावर चर्चा करू असं सांगितलं.

आम्ही सार्वभौम आहोत, नागरिक कोण हे आम्ही ठरवू, वॉशिंग्टननं यात बोलू नये, हा चॉक्टॉंचा युक्तिवाद मला मान्य आहे. डॉज आयोगानंतर तो मान्य न करणं निर्लज्जपणाचं होईल. पण शकबतिनाच्या न्यायात सार्वभौमत्वाचा अर्थ घरानं केलेल्या गुन्ह्याची भरपाई घरानं करायची असा होता, आणि तीही कुणी जबरदस्ती करण्याआधी. गुलाम म्हणून मिसिसिपीहून चालत आलेल्या बाईच्या पणतीला चॉक्टॉ नागरिकत्व देणं ही ती भरपाई आहे. त्यासाठी काँग्रेसच्या कायद्याची गरज नाही. १९८३ च्या घटनेत दुरुस्ती मांडायची आणि चॉक्टॉ मतदारांनी तिच्या बाजूनं मत द्यायचं.